मामांचा जर्मन डबा

रेल्वेच्या वेळापत्रकात आमच्या गावाचं नाव शोधाल तर सापडायचं नाही. मुंबई-हावडा मार्गावर नागपूर मागे पडलं की ‘भंडारा रोड’ नावाचं स्टेशन लागतं. ते आहे आमच्या वरठीत. याच फलाटावर १९४६ साली माझे मोठे मामा लष्करातून सुटून उतरले. ते पलटणीत लांगरी होते, म्हणजे स्वयंपाकी. आई सांगायची, त्यांच्या ट्रंकेत दोन ब्लँकेटं, एक स्वेटर आणि एक वाकडा डबा निघाला.

वालाच्या दाण्यासारखा, एका बाजूनं आत दबलेला तो ॲल्युमिनियमचा डबा आमच्याकडे वर्षानुवर्षं वापरात होता. रोवणीच्या दिवसांत त्यातून बांधीवर वरण-भात जायचा. झाकणाला दुमडणारी मूठ होती. मामी त्यात फोडणी करायची. हा जर्मन सैनिकाचा डबा आहे आणि त्याचं झाकण तव्यासारखं वापरता यावं म्हणूनच मूठ दिलेली आहे, हे मला फार उशिरा कळलं. मामीला कोणी न सांगताच कळलं होतं.

मी पेशानं फिटर. जुनी यंत्रं खोलायची सवय, त्यातून हा नाद लागला. कामठीच्या भंगारात, नागपूरच्या जुन्या बाजारात जर्मन बनावटीचं काही दिसलं की मी थांबतो. आपल्याला वाटतं, जर्मन लष्कराचं आपल्या घरात काय असणार? पण पाण्यासाठी, डिझेलसाठी आपण जो जेरीकॅन वापरतो, तो मुळात १९३७च्या सुमाराला जर्मन लष्करासाठी बनला. इंग्रज सैनिक जर्मनांना ‘जेरी’ म्हणत, म्हणून ते नाव. लग्नाच्या वरातीत डोक्यावरून जाणारी पेट्रोमॅक्स बत्तीही मूळची बर्लिनची.

माझ्याकडे एक घडीची शेगडी आहे, सिगारेटच्या पाकिटाएवढी. एरिख शुम नावाच्या माणसानं १९३६ साली घन इंधनाची पांढरी वडी काढली. ती या शेगडीत ठेवून पेटवायची आणि वर डबा ठेवायचा. वडीचं नाव एस्बिट. पुरी पलटण जेवायची ती मात्र चाकांवरच्या भटारखान्यातून. फिसलर ही भांड्यांची कंपनी १८९२ हे साल त्यासाठी आपल्या नावावर सांगते. घोड्यांनी ओढायची गाडी, वर दुमडतं धुराडं. ते तोफेच्या नळीसारखं दिसे, म्हणून सैनिक तिला ‘गुलाशची तोफ’ म्हणत. हंडा दुहेरी भिंतीचा आणि मधल्या पोकळीत ग्लिसरीन. त्यामुळे गाडी चालत असतानाही आतलं अन्न शिजत राही, पण तळाला लागत नसे. आमच्याकडच्या लग्नाच्या आचाऱ्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, मग ढवळायला ठेवलेल्या पोरांनी काय करायचं?

आता मूळ गोष्ट. मामा गेल्यावर तो डबा माझ्याकडे आला. वरून हिरवट करडा रंग, तोही अर्धा उडालेला. मी ठरवलं, याला नव्यासारखा करायचा. भंडारा हे पितळी भांड्यांचं गाव. लहानपणापासून चिंच-मिठानं भांडी लखलखताना पाहिलेली. भांडं चकचकीत म्हणजे चांगलं, एवढीच माझी समज. रंग काढायला मी डबा कॉस्टिक सोड्यात बुडवला. लोखंडाला ते चालतं, ॲल्युमिनियमला नाही. पाणी फसफसून आलं, डबा काळा पडला. तो काळेपणा घालवायला बफिंगच्या चाकावर धरला. मामी ओसरीत बसली होती. म्हणाली, “कायले घासतं बापा एवढं?” दहा मिनिटांत डबा आरशासारखा झाला.

पुढे दोनेक वर्षांनी एका जाणकारानं तो हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, “नाव कुठे आहे?” बनवणाऱ्याचा ठसा आणि ‘४१’ हा आकडा खोल होता, तो टिकला होता. पण सैनिक आपल्या डब्यावर खिळ्यानं, सुरीच्या टोकानं नाव कोरत. तेव्हा मला आठवलं. डब्याच्या दबलेल्या बाजूला वाकडीतिकडी अक्षरं होती. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवायचो. मामीच्या राखेनं ती कित्येक वर्षं घासली, तरी गेली नव्हती.

आपल्याकडे तर लग्नात आलेल्या वाटीवरसुद्धा देणाऱ्याचं नाव घालून घेतात. नाव वाचल्याशिवाय भांडं दुसऱ्याच्या घरी परत जात नाही. आणि मीच ते पुसलं.

मामा त्या डब्याबद्दल एकदाच बोलले होते. आपले सैनिक सप्टेंबर १९४३पासून इटलीत लढत होते. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिथल्याच लढाईत. मे १९४५मध्ये तिथल्या जर्मन फौजांनी शस्त्रं खाली ठेवली. कैद्यांच्या रांगा लागल्या आणि त्यांना वाढायचं काम मामांकडे आलं. एका पोरानं दुसऱ्यांदा डाळ मागितली. मामांनी डबा घेतला, तेवढ्यात रांग पुढे हाकलली गेली. “तो परत आलाच नाही, मंग मी काय करू?” मामा म्हणाले होते.

अशा कोरलेल्या नावांवरून माणसांचा माग काढता येतो. जर्मन सैनिकांच्या नोंदी बर्लिनमध्ये आहेत आणि २०१९पासून त्या तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात आहेत. इटलीत फुटा खिंडीत जर्मनांचं दफनस्थान आहे, तिथे तीस हजारांहून जास्त सैनिक आहेत. आमचा पोरगा तिथे नसावा, तो तर जिवंत कैदी होता. कदाचित घरी पोचला असेल, म्हातारा होऊन गेला असेल. त्याच्या नातवाला एक पत्र लिहिता आलं असतं.

आता मी कुठल्याही डब्याला हात लावण्याआधी फोटो काढतो, तोही उजेड बाजूनं तिरपा पाडून. त्यानं पुसट चरे दिसतात. नंतर कोमट पाणी, साधा साबण, मऊ फडकं, बस. रंग उडालेला असेल तर तसाच ठेवतो. ‘हिटलरचा डबा’ म्हणून चढ्या भावानं विकणारे भेटतात, त्यांच्याकडून घेत नाही. जुन्या स्टोच्या आत ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते मात्र घरी उकरू नका.

मामांच्या डब्यावरही तिरपा उजेड टाकून पाहिला. झाकणाच्या आत, मुठीखाली चाक पोचलं नव्हतं. तिथे दोन अक्षरं आहेत. पहिलं रोमन ‘एच’. दुसरं ‘बी’ असेल किंवा ‘आर’.