बांधावरचा पाहुणा



दसऱ्याच्या सुमारास आपल्या हदगावच्या शिवारात एक पाहुणा येतो. त्याचं नाव वटवट्या. हा चिमणीहून लहान, रंगानं मातकट. एक रुपयाची तीन नाणी तळहातावर घ्या. जवळपास तेवढंच त्याचं वजन. एवढासा जीव थेट रशिया-सायबेरियातून येतो! तिकडं बर्फ पडतो, किडे मिळेनासे होतात. म्हणून रात्री-रात्री उडत तो आपल्याकडं येतो.

त्याला पाहायचं कसं? आपण सकाळी बांधावर गुपचूप उभं राहावं. बाभळी-बोरीच्या झुडपातून ‘चक् चक्’ ऐकू आलं, की तिथंच नजर ठेवावी. तो किडे-अळ्या टिपतो, ज्वारीच्या दाण्याला तोंड लावत नाही.

जाणकारांनी या पक्ष्यांच्या पायात कडी घालून पाहिलं. पुढल्या हिवाळ्यात काही पक्षी पुन्हा त्याच जागी सापडले. मग ते झुडूपच आपण जाळलं, तर पाहुण्यानं उतरावं कुठं? बांध साफ करताना एक-दोन झुडपं राहू द्यावीत.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. थोर पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. त्या आठवड्यात आपण सगळे मिळून बांधावर जाऊ. लेकरांनाही संगं घेऊ.