थायमस ग्रंथीतील कठोर परीक्षा

उरोस्थीमागील थायमस ग्रंथी पुष्कळ काळ निरुपयोगी मानली जात असे. १९६१ मध्ये जाक मिलर यांनी नवजात उंदरांची ही ग्रंथी काढून टाकली, तेव्हा ती पिले संसर्गाला बळी पडू लागली. परक्या त्वचेचे कलमही त्यांच्या अंगावर टिकून राहिले.

अस्थिमज्जेतून आलेल्या कोवळ्या पेशींची येथे दुहेरी पारख होते. स्वशरीराची ओळखखूण ज्यांना मुळीच वाचता येत नाही, त्या मरतात. स्वकीय प्रथिनांना घट्ट चिकटणाऱ्याही बहुतेक नष्ट होतात. शंभरांतून जेमतेम दोन-चार टी पेशी रक्तात उतरतात. असा निकाल कोणत्याही शाळेला परवडणार नाही! तरीही काही घरभेदी निसटतातच. त्यांनी स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींवर हल्ला चढविला, की कोवळ्या वयातही मधुमेह जडतो.