परदेशची कमाई घरी पोचते कशी?

श्रोतेहो, मनीऑर्डर म्हणजे काय, हे निदान कोकणातल्या माणसाला तरी सांगायला नको. 1880 साली टपालखात्याने ही सोय सुरू केली आणि पुढे मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या चाकरमान्याची कमाई पोस्टमनच्या पिशवीतून गावोगाव जाऊ लागली. अंगठा उठवावा, पैसे मोजून घ्यावेत, की झाले. पण या सोयीच्या पाठीशी सरकारी खाते उभे होते. जिथे पोस्टाचा पत्ता नाही आणि बँकेवर कुणाचा भरवसा नाही, तिथे परमुलखी गेलेल्याने घरी पैसे धाडावेत कसे?

आफ्रिकेच्या ईशान्य टोकाला सोमाली लोकांचा मुलूख आहे. तिथल्या बुराओ गावी 1970 साली महंमद सईद दुआले नावाच्या व्यापाऱ्याने दुकान थाटले. नाव दहबशील, म्हणजे सोने वितळवणारा. त्याच सुमारास सोमाली तरुण आखाती देशांत कामाला जाऊ लागले होते. त्यांच्याजवळ परकीय चलन होते आणि व्यापाऱ्याला माल आणायला तेच हवे होते. तेव्हा दुआले यांनी काय केले? तिकडे कामगारांचे पैसे घेतले, त्यांतून माल आणला, तो गावात विकला आणि आलेल्या शिलिंगांतून त्या कामगारांच्या घरच्यांना त्यांची रक्कम चुकती केली. एका फेरीत दोघांचे काम झाले.

1988 साली तिथे यादवी युद्ध पेटले. दुकान गेले, चीजवस्तू गेली. हजारो लोकांबरोबर दुआलेही इथिओपियात निर्वासित झाले. मात्र माणसांच्या ओळखी आणि शब्दाची पत तेवढी शिल्लक राहिली. तिथे त्यांनी पुन्हा लहानशी कचेरी मांडली, कारण निर्वासितांचे नातेवाईक आता जगभर पांगले होते. पुढे लंडनमध्येही शाखा निघाली.

आता या धंद्याची खरी मेख बघा. लंडनला दिलेली नोट बुराओला जातच नाही. जातो तो निरोप. पूर्वी तो बिनतारी यंत्रावरून जाई, पुढे फोनवरून आणि मग संगणकावरून. गावचा अडत्या आपल्या गल्ल्यातून पैसे देतो. हिशेब मागाहून, बहुधा दुबईच्या व्यापारातून मिटतो. कागदपत्र नसलेल्या माणसाची ओळख पटवायची तर त्याचे कूळ, पोटकूळ विचारायचे, नाहीतर गावचा वडीलधारा बोलवायचा.

म्हणजे अशा धंद्याला लागतो तो भरलेला गल्ला. रोज 20 घरांना 5000 रुपये द्यायचे आणि हिशेब चार दिवसांनी मिटायचा, तर 4 लाख रुपये सदैव अडकलेले. सणाच्या तोंडावर गल्ला आटला आणि म्हाताऱ्या आईला ‘उद्या या’ म्हटले, की दुसऱ्या दिवशी ती गोष्ट पंचक्रोशीत झालीच म्हणून समजा!

दुसरा धोका बाहेरचा. 2001 च्या नोव्हेंबरात अमेरिकेने अल् बरकात ही मोठी सोमाली पेढी दहशतवाद्यांना पैसा पुरवल्याच्या संशयावरून बंद पाडली. 2004 साली अमेरिकेतल्याच चौकशी आयोगाच्या अहवालाने, तसा थेट पुरावा मिळाला नाही, असे नोंदवले. तोवर पेढी बुडाली होती. 2013 साली बार्कलेज बँकेने अशा अनेक पेढ्यांची खाती बंद करायचे ठरवले, तेव्हा दहबशील न्यायालयात गेली आणि तूर्तातूर्त मनाई मिळवली. 2014 साली तडजोड झाली. मला वाटते, बँकेची भीती अगदीच खोटी नव्हती. पण खाते बंद झाले असते तर चूल विझली असती ती दूरच्या कुणा विधवेची, लंडनच्या साहेबाची नव्हे.

आपल्याकडे असा कारभार नुसत्या तोंडी विश्वासावर करता येत नाही. परदेशाशी हवाला करणे 1999 च्या परकीय चलन कायद्याविरुद्ध आहे. रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या संस्थेचा उपएजंट होऊन मात्र गावच्या दुकानदारालाही हे काम घेता येते. ओळखपत्र तपासायचे, नोंदवही राखायची, पावती द्यायची. त्यात आळस उपयोगाचा नाही.

आणि घेणाऱ्यांनी काय पाहावे? ‘फी माफ’ या पाटीला भुलू नये. समजा, 1000 दिरहम पाठवले आणि दर दिरहमामागे 30 पैसे भाव कमी दिला, तर 300 रुपये तिथेच कापले गेले. पाटीवर फी शून्यच! म्हणून पाठवणाऱ्याला सांगा, की घरी हातात नेमके किती रुपये पडतील ते आधी विचार. शिक्षकबंधूंनी हे गणित सातवीच्या वर्गात फळ्यावर घालावे. ज्यांचे वडील मस्कतला नाहीतर दुबईला आहेत, अशी एकदोन मुले कोकणातल्या बऱ्याच वर्गांत निघतील. त्यांचे उत्तर सगळ्यांच्या आधी येईल.