पट अकरा, हजर दहा

कानात हेडफोन घालून लोकलला लटकत ऐकत असाल, नाहीतर गावी नेटवर्क येणाऱ्या त्या एकाच दगडावर बसून ऐकत असाल. आज पाहुणा वगैरे कोणी नाही, मी एकटाच बोलणार आहे. आणि बोलणार आहे माझ्या शाळेबद्दल.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण यात लहान मुलांच्या घरच्या गोष्टी येणार आहेत. नकाशा डोळ्यासमोर आणायचा तर रत्नागिरी जिल्ह्याचं अगदी वरचं टोक. उत्तरेला सावित्री नदी, तिच्यापलीकडे रायगड जिल्हा. नदी बाणकोटला समुद्राला मिळते. आमची वाडी मात्र आत, डोंगराच्या कुशीत. फाट्यावर एसटी सोडते, तिथून पाऊण तास चालायचं.

शाळा पहिली ते पाचवी. शिक्षक दोन, एक बाई आणि मी. मुलं अकरा. पहिलीत दोन, दुसरीत एक, तिसरीत तीन, चौथीत चार आणि पाचवीत एक. पाचवीतली मुलगी वर्गात पहिली पण येते आणि शेवटची पण. हे तिनंच मला सांगितलंय.

आता शहरातल्या मित्रांना 'पट' म्हणजे काय ते सांगतो. पट म्हणजे शाळेच्या हजेरीत नाव असलेली मुलं. ३० सप्टेंबरचा पट आमच्यासाठी फार महत्त्वाचा असतो. त्या दिवसाच्या आकड्यावर शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरतं, त्याला संचमान्यता म्हणतात. त्यामुळे गणपती विसर्जन झालं, चाकरमानी परत गेले, वाडी रिकामी झाली की आम्ही दोघं मनातल्या मनात मुलं मोजायला लागतो.

आमच्या शाळेत परिपाठात 'आजच्या बातम्या' असतात. पेपर आमच्याकडे आला तर दुपारी येतो. म्हणून मी मुलांना सांगितलं, बातम्या तुम्हीच आणा, वाडीतल्या. तेव्हापासून रोज एक मूल उभं राहून बातमी सांगतं. सप्टेंबरातल्या बातम्या अशा: "काल रात्री डुकरांनी आमचं वरचं शेत लोळवलं." "आज्जीनं शाळेसाठी चिबूड दिलंय, पण ते वाटेत थोडं कमी झालं." "परसबागेतलं पडवळ माझ्याएवढं झालंय." ते पडवळ आम्ही खरंच मापलं. पट्टी लावून, मुलीला शेजारी उभं करून. मुलगी चार सेंटीमीटरनं जिंकली.

ऑक्टोबरमध्ये भात पिकतं. त्या दिवसांत मुलांना वर्गात बसवून गणित शिकवणं म्हणजे शिक्षाच, त्यांनाही आणि मलाही. मग आम्ही गणितच खळ्यावर नेतो. चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी. आजोबा पायलीनं भात मोजतात, मुलं किलोत करतात, आणि दोघांचं जमत नाही. मग वाद. तो वाद म्हणजेच आमचा गुणाकार-भागाकाराचा धडा.

तर चौथीत आमच्याकडे एक मुलगा आहे. कातकरी वाडीवरचा. पहिलीत त्याची लहान बहीण. हा मुलगा एकदा हजाराच्या संख्या शिकवताना म्हणाला, "गुरुजी, हजार मला येतो." मी म्हटलं, कसा काय? तर म्हणाला, "बाबाला हजार विटांचे पैसे भेटतात. हजार झाल्या का माझी आई मला सांगते."

मी पुढचं उदाहरण फळ्यावर लिहिलं, पण माझं लक्ष उडालं होतं.

कोकणातल्या कितीतरी कातकरी कुटुंबांचं वर्ष असं असतं: पावसाळ्यात गावी, शेतात मजुरी. दिवाळी झाली की वीटभट्टीवर, नाहीतर कोळसा पाडायला. पावसाच्या तोंडावर परत. निघायच्या आधी मालकाकडून उचल घेतलेली असते, म्हणजे आगाऊ पैसे. ती फिटेपर्यंत काम. मुलं सोबत जातात, कारण मागे ठेवणार कुणाकडे? शाळेत अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं. ते घेऊन मूल जिथं जाईल तिथल्या शाळेत बसू शकतं. कागदावर हे छान आहे. पण भट्टी गावापासून लांब असते, आणि कार्ड काही चालत शाळेत जात नाही.

मला हे इतकं का लागलं, तेही सांगतो. मी बीडचा. आमच्याकडे वीटभट्टी नाही, ऊसतोड. दसरा-दिवाळी झाली की गाड्या भरून माणसं कारखान्याला जातात. माझ्या वर्गातली किती पोरं गेली आणि पुढच्या वर्षी माझ्याच वर्गात, माझ्याहून मागे बसली. मी राहिलो, कारण माझी आजी गावात राहिली. माझ्यात काही विशेष हुशारी होती म्हणून नाही. भाकरी करून घालायला एक माणूस मागे होतं, एवढाच फरक.

या वर्षी दिवाळी लवकर आली. पण पाऊस काही जाईना. दिवाळीनंतरही कोसळला. कापून ठेवलेलं भात शेतात भिजलं, काहींच्या लोंब्यांना कोंब आले. त्या आठवड्यातल्या परिपाठात रोज तीच बातमी होती, आणि ती सांगताना मुलं हसत नव्हती. पण त्याच पावसामुळे भट्ट्याही उशिरा लागल्या, कारण कच्ची वीट भिजली की संपलं. त्यामुळे आम्हाला थोडे दिवस मिळाले.

दुसरं सत्र सुरू झालं आणि लगेच ७ नोव्हेंबर आला. महाराष्ट्रात २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. का, तर ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या हायस्कूलमध्ये, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, घातलं गेलं. रजिस्टरमध्ये १९१४ नंबरला नाव आहे 'भिवा रामजी आंबेडकर'. आणि ज्या गावावरून हे आडनाव आलं ते आंबडवे आमच्याच मंडणगड तालुक्यात आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद तिथे येऊन गेले होते.

आम्ही टेम्पो केला आणि अकराच्या अकरा मुलांना घेऊन आंबडव्याला गेलो. स्मारकात मुलं शांत होती, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. परत आल्यावर मी त्यांना सांगितलं, की त्या मुलाला वर्गात वेगळं बसावं लागायचं, बसायला गोणपाट घरून न्यावं लागायचं. पाणीसुद्धा स्वतःच्या हातानं घ्यायची मुभा नव्हती. चौथीतल्या आमच्या पोरानं विचारलं, "तरी त्याचं नाव होतं ना हजेरीत?" मी म्हटलं, होतं. तो म्हणाला, "मग बरं."

दुसऱ्या दिवशी परिपाठात बातमी सांगायची पाळी त्याचीच. उभा राहिला आणि म्हणाला, "पुढच्या सोमवारी आम्ही भट्टीवर जाणार. गाडी येणार हाय." आणि बसला.

बाईंनी त्याच संध्याकाळी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बोलावली. पालक सात आले. त्याचा बाबा पण आला, मागे दाराशी उभा. मी बोलायला लागलो, कायदा, हक्क, कार्ड. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "गुरुजी, तुमचं बरोबर हाय. पर उचल घेतलीया. आन् पोरगा हितं राहिला तर खाईल काय, झोपंल कुठं?"

याचं उत्तर माझ्या कुठल्याच कागदात नव्हतं. उत्तर आलं आमच्या खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडून. त्या म्हणाल्या, "दुपारचं शाळेत खातोच. रात्रीचं माझ्याकडं खाईल. माझा पोरगा मुंबईला गेल्यापासून त्याची खाट रिकामीच हाय."

बैठकीत कोणी काही बोललं नाही थोडा वेळ. मी खरं सांगतो, मला वाटलं कोणीतरी जातीवरून कुरकुर करणार. एकानं केलीच, हळू आवाजात. मावशींनी त्याच्याकडे बघितलं फक्त. पंधरा वर्षं त्या सगळ्या वाडीच्या पोरांना एकाच टोपातलं वाढतायत. तो गप्प बसला.

बाबा म्हणाला, पोरगा राहू दे. पण पोरगी लहान, ती आईशिवाय राहणार नाही. तिला नेणार.

सोमवारी गाडी आली. बहिणीच्या दप्तरात हमी कार्ड, दोन पुस्तकं आणि बाईंनी दिलेली खडूची पेटी. ती गाडीत बसून हात हलवत होती, सहलीला चालल्यासारखी. भाऊ शाळेच्या पायरीवर उभा होता. गाडी वळली तसा आत जाऊन हजेरीपुस्तकाशी थांबला आणि मला म्हणाला, "तिचं नाव खोडू नका."

नाही खोडलं. पट अकरा आहे. हजर दहा.

भट्टीजवळच्या शाळेचा नंबर मी शोधून काढला. तिथल्या बाई चांगल्या आहेत, एकदा भट्टीवर जाऊनही आल्या. पण शाळा लांब, वाटेत मोठा रस्ता, आणि आई कामाला. आज डिसेंबर लागला तरी पोरगी एकही दिवस शाळेत बसलेली नाही. मी दर शनिवारी फोन करतो. बाबाच्या फोनवर ती मला कविता म्हणून दाखवते. तेवढंच. ही गोष्ट सुखान्त आहे असं मी म्हणणार नाही.

आता मोठा प्रश्न. २०२३ साली सरकारनं कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली, तेव्हा राज्यात वीसपर्यंत पट असलेल्या १४,७८३ शाळा निघाल्या, आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं. या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची कल्पना पुढे आली. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही उदाहरणं दिली गेली.

मी एकदम 'नको' म्हणणार नाही. पाचवीतल्या त्या एकट्या मुलीला मैत्रीण हवी आहे, हे मला रोज दिसतं. कबड्डीचा संघ करायला सात लागतात, आम्ही पहिलीची पोरं धरून करतो. एक शिक्षक तीन इयत्ता एका वेळी शिकवतो, त्यात काहीतरी सुटतंच. मोठ्या शाळेत ग्रंथालय असेल, मैदान असेल. हे सगळं खरं.

पण कायदा म्हणतो, पाचवीपर्यंतच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा. तो किलोमीटर मंडणगडचा आहे, हे लक्षात घ्या. जुलैत पऱ्याला पाणी आलं की सहा वर्षांचं मूल पलीकडे जाऊ शकत नाही. बस देऊ म्हणतात, पण बस फाट्यापर्यंत येणार. आणि त्या रात्री मावशींनी जे केलं, ते पंधरा किलोमीटरवरच्या शाळेच्या मावशी करू शकल्या असत्या का? त्यांना पोराचं घर तरी माहीत असतं का? मूल शाळेतून गळतं तेव्हा ते कुणाला तरी लगेच दिसावं लागतं. लहान शाळेत ते दिसतं. अकरातला एक गेला की वर्ग रिकामा वाटतो.

जून २०२० च्या निसर्ग वादळात इकडच्या कितीतरी शाळांची छपरं उडाली. आमच्या शाळेचं पण. तेव्हा मी इथे नव्हतो, पण वाडीतले लोक सांगतात की स्वतःच्या घराचे पत्रे लावून झाल्यावर त्यांनी आधी शाळेवर ताडपत्री टाकली. तेव्हा लॉकडाऊन होता, शाळा बंदच होती. तरी टाकली.

शेवटी माझं. कोकणातले आम्ही घाटावरचे शिक्षक आंतरजिल्हा बदलीची वाट बघत असतो, हे काही गुपित नाही. मीही फॉर्म भरलाय. आईवडील थकलेत, बीडला दोघंच आहेत. मी ज्यांना 'राहा' म्हणून सांगितलं, त्यांच्यातून मीच जाणार आहे कदाचित. चौथीतल्या त्या पोराला हे मी अजून सांगितलेलं नाही. परिपाठात एक दिवस ती बातमी मलाच सांगावी लागेल.

तुमच्यातले खूप जण मुंबई-पुण्यात आहात आणि तुमचं गाव कुठंतरी कोकणात आहे. शिमग्याला जाल, देवळात जाल, पालखी नाचवाल. तेव्हा वाटेत शाळेत पाच मिनिटं थांबा. देणगी नको. गुरुजींना, बाईंना एवढंच विचारा, "पट किती, आणि हजर किती?" त्या दोन आकड्यांमधलं मूल कुठे आहे, ते विचारा. गावात कुणाची तरी खाट रिकामी असते.

चला, थांबतो. उद्या परिपाठाची बातमी दुसरीतल्या एकुलत्या एक विद्यार्थ्याची आहे, आणि त्यानं आजच सांगून ठेवलंय की बातमी मोठी आहे, गुरुजींनी वेळेवर यावं. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.