२६ जुलै: जल्लोष की आठवण?

आजचा भाग छोटा आहे, पण विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय.

मागच्या वर्षी २६ जुलैला, म्हणजे कारगिल विजय दिवसाला, मी व्हॉट्सॲपला एक स्टेटस ठेवलं. तोफा, धूर, मागे दणदणीत म्युझिक. धडाधड फायर इमोजी आले. मग एका काकूंचा मेसेज आला. त्यांचा मुलगा माझा शाळेतला मित्र, आता आर्मीत, सीमेवर पोस्टिंग. काकूंनी एवढंच लिहिलं होतं, "चार दिवस झाले, त्याचा फोन नाही रे."

मी स्टेटस डिलीट केलं. तेव्हापासून हा प्रश्न छळतोय. असे दिवस पाळून आपण त्या पोरांची आठवण काढतो, की युद्धाची जाहिरात करतो?

१९९९ च्या त्या युद्धात भारताचे ५२७ जवान गेले. विक्रम बत्रा आणि मनोज कुमार पांडे, दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. दोघांचं वय २४. विजयंत थापर २२ वर्षांचे होते. शेवटच्या चढाईआधी त्यांनी घरच्यांसाठी पत्र लिहून ठेवलं होतं, आपण परत आलो नाही तर पोचावं म्हणून. २२ व्या वर्षी मी काय करत होतो? बीटेकच्या लास्ट इयरला प्लेसमेंटचं टेन्शन घेत होतो.

काही मित्र म्हणतात, हे दिवस बंदच करा, यातून युद्धाची नशा चढते. मला नाही पटत. द्रासच्या स्मारकात भिंतीवर नावं कोरली आहेत. वर्षातला एक दिवस त्या नावांचा नसेल, तर १९९९ नंतर जन्मलेल्यांना ती कळणार कशी?

पण मित्रांचं अर्धं म्हणणं खरं आहे. आपण तोफ दाखवतो, पोराचं वय सांगत नाही. समोरच्याला शिव्या दिल्या की देशभक्ती झाली, असं वाटतं.

आता हे ऐका. टायगर हिलच्या लढाईत पाकिस्तानचे कॅप्टन कर्नल शेर खान मारले गेले. 'कर्नल' हे त्यांचं नाव, हुद्दा कॅप्टन. वय २९, जवळपास माझ्याएवढंच. आपल्या ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवांनी त्यांच्या खिशात चिठ्ठी ठेवली, की हा माणूस शौर्यानं लढला. पुढे पाकिस्ताननं त्यांना निशान-ए-हैदर दिलं. म्हणजे ज्यांनी तिथे आपली माणसं गमावली, त्यांना शत्रूचा मान राखता आला. आणि आपण एसीत बसून कमेंटमध्ये कुणाकुणाचा बदला घेतो!

अजून एक. ७ डिसेंबर कसला दिवस, माहितीये? सशस्त्र सेना ध्वजदिन. त्या दिवशी जमणारा निधी माजी सैनिक आणि शहिदांच्या कुटुंबांसाठी जातो. त्या दिवशी स्टेटस ठेवलेलं मी तरी कुणाचं पाहिलं नाही. माझंही नव्हतं.

म्हणून माझ्यापुरतं ठरवलंय. २६ जुलैला एक नाव, त्याचं वय, त्याचं गाव. म्युझिक नाही. ७ डिसेंबरला जमेल तेवढे पैसे.

आणि हो, मित्राचा फोन पाचव्या दिवशी आला. काकूंनी मला लगेच कळवलं. नेटवर्क नव्हतं म्हणे.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.