वर्षभराची वही



विल्यम किल्पॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्पपद्धतीवरील आपल्या निबंधात मनापासून स्वीकारलेल्या हेतूस अग्रस्थान दिले. परंतु जूनमधील हेतू ऑक्टोबरात तितका ताजा राहत नाही. शिक्षकाची खरी गरज तेव्हाच भासते.

नववीतील एखाद्या विद्यार्थ्याने गावचा पाऊस व विहिरीची पातळी वर्षभर नोंदविण्याचे ठरविले, असे समजा. पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला पाहावयाचा, ही हवामान खात्याची वेळ. विहीर आठवड्यातून एकदा, कठड्यावरील एकाच खुणेपासून, उपसा सुरू होण्यापूर्वी मोजावयाची. दोरी सोडताना जवळ मोठे माणूस हवेच. एवढे शिकविल्यावर शिक्षकाने मागे सरावे.

पुढे सुगी येते, सहामाही परीक्षा येते, घरी आजारपण येते. वहीत चार दिवस कोरे राहतात आणि विद्यार्थी तेथे गुपचूप अंदाजाचे आकडे भरतो. रागे भरल्यास पुढील वेळी तो ते अधिक सफाईने भरील! त्यापेक्षा कोरी जागा कोरीच ठेवून कारण लिहावयास सांगावे. मापकात चार दिवसांचे पाणी साचले असल्यास ते एकत्रित म्हणूनच नोंदवावे.

शनिवारी दहा मिनिटे वही पाहावी. "पाऊस थांबला, तरी पाणी का चढले?" एवढेच विचारावे. उत्तर शिक्षकास ठाऊक नसले तरी बिघडत नाही. पाझराचा शोध दोघांनी मिळून घ्यावा.

मे महिन्याची नोंद झाली की ती वही ग्रामसभेत वाचली जावी. वाचन विद्यार्थ्यानेच करावे, अडखळला तरी.