जखडलेला खांदा



बँकेतल्या बाईने बचतीवर बोलावे अशी कार्यकर्त्यांची अपेक्षा असावी. मी मात्र खांद्यावर बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, कला शाखेची पदवीधर आहे. पण सात महिने मी जे चुकीचे केले ते आपल्यापैकी कोणी करू नये, एवढ्यासाठीच उभी आहे.

सुरुवात किरकोळ होती. कपाटातली फाईल काढताना उजव्या खांद्यात कळ आली. मग रात्री त्या कुशीवर झोपता येईना. दुखते म्हणून हात वापरणेच सोडले. पुढे वेणी घालता येईना. मुलगी शाळेत जाण्यापूर्वी माझे केस बांधून देई. वंदनेच्या वेळी जोडलेले हात छातीपाशीच राहत, कपाळापर्यंत जात नसत. एका मालिशवालीने 'शीर सरकली' म्हणून हात जोराने वर ओढला. त्यानंतर तीन रात्री मी बसून काढल्या.

शेवटी सरकारी रुग्णालयात गेले. फिजिओथेरपी विभागातल्या ताईंनी आधी मला हात वर करायला सांगितला, मग स्वतः धरून अलगद फिरवला. दोन्ही वेळा तो एकाच जागी अडला. स्नायूचा बंध फाटला असेल तर आपल्याला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर बहुधा जातो. सांधाच जखडला असेल तर कोणी उचलूनही जात नाही. कोपर कमरेशी ठेवून पंजा बाहेर वळवणे तर फारच कठीण होते. सांध्याची झीज नाही ना, हे एक्स-रे काढून पाहिले. निदान झाले फ्रोझन शोल्डर. हे नाव अमेरिकेतील डॉ. कॉडमन यांनी १९३४ साली दिले.

खांदा हा उखळीचा सांधा. उखळ उथळ, म्हणून हात सगळीकडे फिरतो. त्याभोवती सैल पिशवीसारखे आवरण असते. ते सुजते, जाड होते आणि आकसते. चाळीस ते साठ या वयात, स्त्रियांत आणि मधुमेह किंवा थायरॉईडचा विकार असलेल्यांत हे अधिक आढळते. ताईंनी विचारले, "साखर तपासली आहे का?" तपासली नव्हती. तपासली तर वाढलेली निघाली! खांद्यानेच मला मधुमेहाची वर्दी दिली म्हणायची.

हा आजार आधी दुखतो, मग जखडतो, मग हळूहळू सुटतो. यात एक ते तीन वर्षेही जातात. दुखण्याच्या काळात व्यायाम अगदी हलका. टेबलावर चांगला हात टेकून वाकायचे आणि दुखरा हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलू द्यायचा. कळ ओसरल्यावर भिंतीवर बोटे चालवत वर न्यायची, जिथे पोचली तिथे पेन्सिलीने खूण करायची. पाठीमागे टॉवेल धरून चांगल्या हाताने वर ओढायचा. आधी दहा मिनिटे गरम शेक. ताण जाणवला पाहिजे, पण नंतर दुखणे रेंगाळले तर समजावे की जास्त झाले. भगवान बुद्धांनी सोण स्थविराला वीणेच्या तारेचा दाखला दिला, तो मला त्या भिंतीपाशी कळला. मी आधी तार सैल सोडली होती, आणि मालिशवालीने ती ताणली.

काहींना डॉक्टर सांध्यात इंजेक्शन देतात, त्याला घाबरू नये. मात्र मधुमेह असल्यास आधी सांगावे, कारण काही दिवस साखर वाढते. आणि खांदा दुखतानाच छातीत दडपण, घाम, धाप असेल तर तेल चोळत बसू नका, तो हृदयाचा त्रास असू शकतो. तडक रुग्णालय गाठा. पडल्यानंतर हात उचलत नसेल, किंवा ताप येऊन सांधा सुजला असेल, तरीही थांबू नये.

विद्यार्थ्यांनो, घरी गेल्यावर आईला एकदा दोन्ही हात वर करायला सांगा. आपल्या आया सांगत नाहीत. आणि बारावी विज्ञानानंतर फिजिओथेरपीचीही पदवी घेता येते, हे ध्यानात असू द्या.

माझ्या घरच्या भिंतीवर आता पेन्सिलीच्या खुणांची शिडी झाली आहे. वेणी मीच घालते. पाठीमागे हात अजून चार बोटे कमी जातो. भोजनदानानंतर मी सभागृहाच्या मागच्या भिंतीपाशी थांबेन. ज्यांना बोटे कशी चालवायची ते पाहायचे असेल त्यांनी यावे. जय भीम.